चिवळ: माती, तार आणि कढीतले गोळे

प्रश्न: होळीपासून बाजारात चिवळ येते, पण कितीही धुतली तरी दाताखाली कचकच लागते. भाजीही तार सुटून चिकट होते. काय चुकतं? (गृहिणी, दर्यापूर तालुका)

चिवळ ही घोळीच्या जातीची, बारीक पानांची पालेभाजी. ती जमिनीला चिकटून पसरते, म्हणून माती पेरापेरात बसते. आधी मुळं आणि जाड देठ खुडून टाका. मोठ्या गंजात भरपूर पाणी घ्या, भाजी हलवा, दोन मिनिटं थांबा आणि वरच्यावर हातानं उचलून घ्या. गंज चाळणीत उपडा केलात तर तळाची माती परत भाजीवरच पडते. तळाशी रेती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदला. चार-पाच पाणी लागतातच. हे सगळं चिरण्याआधी. चिरलेल्या चिवळीला तार सुटते आणि माती तिलाच चिकटते.

चिकटपणाचं कारण बहुतेक वेळा झाकण. पसरट कढईत, मोठ्या आचेवर, उघडीच परता. पाणी आटल्यावर बेसन पेरा: चार वाट्या चिवळीला पाऊण वाटी बेसन, तीन मोठे चमचे तेल, आठ-दहा लसूण पाकळ्या. मीठ भाजी बसल्यावरच घाला, कारण कढईभर चिवळ मूठभर होते आणि अंदाज हमखास फसतो.

प्रश्न: घरात मुलं डाळभाजीला कंटाळलीत. दुसरं काय करता येईल? (वाचक, आर्णी तालुका)

कढी-गोळे करा. चिवळीचा आंबूसपणा कढीत जितका खुलतो तितका डाळीत नाही. एक वाटी चण्याची डाळ चार तास भिजवा, पूर्ण निथळा आणि पाणी न घालता जाडसर वाटा. बारीक वाटलेल्या डाळीचे गोळे आतून घट्ट होतात. त्यात दीड वाटी बारीक चिरलेली, कोरडी चिवळ, पाच हिरव्या मिरच्या, लसूण, जिरं आणि हळद घाला. मीठ गोळे वळायच्या वेळीच. आधी घातलं तर पाणी सुटून मिश्रण सैल होतं.

चार वाट्या ताकाला दोन मोठे चमचे बेसन पुरे. गोळे कढी पितात, म्हणून ती पातळच हवी. ताक फार आंबट नको, भाजी स्वतःच आंबूस आहे. पहिली उकळी येईपर्यंत सारखं ढवळा, नाहीतर कढी फुटते. मग लिंबाएवढा एकच गोळा सोडून पाहा. विरघळला तर उरलेल्या मिश्रणात चमचाभर बेसन मिसळा. बाकीचे एकेक करून सोडा आणि पाच मिनिटं पळी लावू नका. मंद आचेवर पंधरा मिनिटांत शिजतात. कढीतलं मीठ शेवटी. वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी, सोबत ज्वारीची भाकर.

धपाटेही छान होतात. दोन वाट्या ज्वारीच्या पिठात अर्धी वाटी बेसन, दीड वाटी चिवळ, तिखट-मीठ कालवून पाच मिनिटं ठेवा, मगच लागेल तसं पाणी घाला.

प्रश्न: फ्रिज नाही, कशी टिकवावी?

न धुता, मुळांसकट, ओलसर फडक्यात, रांजणाजवळ. दुसऱ्या दिवशी संपवा. घरात कुणाला मुतखडा असेल तर त्याला मात्र डॉक्टरांना विचारूनच वाढा. घोळ-चिवळीत ऑक्झलेट असतं.