एक युनिट टाकून तीन युनिटचं गरम पाणी?

प्रश्न: आम्ही अमळनेरला, घरात सहा जण. इतकी वर्षं बंब होता, पऱ्हाट्या शेतातून यायच्या, आता शेत दुसऱ्याला कसायला दिलंय तर जळणच येत नाही. गिझर लावला तर बिल बघून सासरे रोज बोलतात. दुकानदार म्हणतो हीट पंप घ्या, एक युनिट खातो नि तीन युनिटची उष्णता देतो. सासरे म्हणे, "हाई काय जादू शे का?"

उत्तर: ताई, जादू नाही आणि दुकानदार फेकतही नाहीये. गिझर कॉइल तापवून उष्णता तयार करतो, हा नुसती उचलून आणतो. फ्रिजच्या मागे हात धरा, गरम लागतं ना, ती आतल्या दुधाभाजीतून काढलेली उष्णता. हा तशीच बाहेरच्या हवेतली काढून पाण्यात सोडतो, वीज लागते ती कॉम्प्रेसर नि पंख्याला. हवा जेवढी गरम तेवढं त्याला सोपं, म्हणजे मेमध्ये आपल्याकडे तो एकदम खूश, पण तेव्हा गच्चीवरच्या टाकीचंच पाणी चटके देतं, गरम पाणी हवंय कोणाला!

खरी गरज चार महिने. 200 लिटर पाणी 20 वरून 50 अंशांवर न्यायला गिझरला 7 युनिट लागतात, याला थंडीत धरा अडीच. रोजचे साडेचार वाचले, 120 दिवसांचे 540. तुमच्या बिलातल्या दराने गुणा आणि कोटेशनशेजारी ठेवून बघा. लॉज किंवा हॉस्टेल असतं तर मी डोळे झाकून हो म्हटलं असतं, तुमच्या घरासाठी मात्र आधी सोलर वॉटर हीटर बघा, हिवाळ्यात आपलं आभाळ मोकळंच असतं.

तरी घ्यायचाच असेल तर माझ्यासारखं करू नका. मी तो स्टोअर रूममध्ये बसवला, दार बंद, दोन तासांत खोली अशी गार की कांद्याच्या पोत्याला हात लावला तर थंडगार, आणि पाणी काही तापेना, कारण स्वतःच सोडलेली गार हवा तो परत ओढत होता. आता गॅलरीत आहे, उन्हाळ्यात आई त्याच्या तोंडाशी बसून गहू निवडते. खाली पाणी ठिबकतं, ती गळती नव्हे, हवेतला दमटपणा, नळी मोरीत सोडा. थंडीत पहाटे नाही, दुपारी चालवा, तीन-चार तास लागतात. आणि बोअरचं पाणी जड असेल तर टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड (टाकीऐवजी तो गंजतो) दरवर्षी उघडून बघायला लावा.