डेस्कटॉप बंद पडला म्हणजे डिस्क गेली असं नाही

तुम्हाला बंद पडलेल्या डेस्कटॉपमधले फोटो आणि हिशेबाच्या फायली बाहेर काढायच्या आहेत. तुम्ही लिहिलंय की पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच राहते, आणि हार्ड डिस्क काढून लॅपटॉपच्या डिस्कसाठी घेतलेल्या यूएसबी केबलला जोडली तरी काहीच दिसत नाही. यावरून डिस्क मेली असं समजू नका. डिस्क बिघडली तरी चालू करताच, विंडोजच्याही आधी येणारा बायोसचा पडदा सहसा दिसतो. तोही येत नसेल तर संशय आधी रॅम, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड नाहीतर पॉवर सप्लायवर घ्यायचा.

राहिली केबल. डेस्कटॉपच्या ३.५ इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते. त्या केबलमधून मिळतात फक्त ५ व्होल्ट. लॅपटॉपच्या २.५ इंची डिस्कचं तेवढ्यावर भागतं, तुमची डिस्क मात्र फिरतच नसणार. वेगळा पॉवर अडॅप्टर असलेली साटा-यूएसबी केबल (साटा म्हणजे डिस्कची जोडणी) किंवा डिस्क उभी बसवायचा डॉक घ्या.

दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये लावून तिच्यावरूनच विंडोज सुरू करू का, असंही विचारलंय. लावा, पण मशीन त्याच्या स्वतःच्या डिस्कवरूनच सुरू (बूट) होऊ द्या. तुमच्या डिस्कवरून विंडोज सुरू झालं की ते नव्या हार्डवेअरचे ड्रायव्हर बसवत सुटतं, आणि फायली बाहेर निघेपर्यंत या डिस्कवर शक्यतो काहीही लिहिलं जाऊ नये. आणखी एक, मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारा पॉवर सप्लाय असेल तर जुन्याची केबल नव्याला लावू नका. कनेक्टर अगदी बरोबर बसतो, पण आतल्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि धडधाकट डिस्क क्षणात जळते.

जोडल्यावर आधी कान द्या. एकसंध घरघर आली तर ठीक. ठरावीक अंतराने टक-टक आवाज आला, किंवा फिरायला लागून लगेच थांबली, तर पॉवर काढा आणि पुन्हा पुन्हा लावून बघू नका. डेटा वाचणारे हेड निकामी असतील तर प्रत्येक प्रयत्नात प्लॅटरवर, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या चकतीवर ओरखडे पडण्याचा धोका असतो. अशी डिस्क डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्येच उघडायची. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. आत दव धरतं, बाकी काही होत नाही. तशाच दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड काढून लावणंही बहुतेक आधुनिक डिस्कना चालत नाही, कारण त्या त्या डिस्कची जुळणीची माहिती बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेली असते.

डिस्क नीट दिसली तर काम सोपं. यूझर्समध्ये तुमच्या नावाचा फोल्डर उघडा, परवानगी नाही असं आलं तर कंटिन्यू दाबा. फोटो आणि डॉक्युमेंट्स सगळेजण घेतात, डेस्कटॉप फोल्डरमधल्या फायली आणि ॲपडेटा नावाचा फोल्डर मात्र विसरतात. ब्राउझरचे बुकमार्क आणि काही प्रोग्रामांचा डेटा ॲपडेटामध्ये असतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर कधी कधी थेट सी ड्राइव्हवर स्वतःचा फोल्डर करतं, तोही बघा.

‘डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करा’ असा प्रश्न आला तर कॅन्सल. विंडोजची डिस्क तपासणी, चेकडिस्कही आत्ता नको. ते फाइल सिस्टीम दुरुस्त करण्याच्या नादात अर्धवट नोंदी उडवू शकतं. ४८ अंकी की (किल्ली) मागितली तर डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनने (डेटा कुलूपबंद करण्याच्या सोयीने) बंद आहे. तुम्ही ते कधी चालू केलं नसलं तरी नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. की त्याच खात्यात ऑनलाइन सापडते. ती नसेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका.

कॉपी मध्येच अडकत असेल तर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्राममध्ये पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे नीट वाचता न आलेल्या जागांचा आकडा बघा. तो शून्याच्या वर असेल तर एकेक फाइल ओढत बसू नका. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून कॉम्प्युटर थेट सुरू होतो) डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम चालवून, तेवढी जागा असलेल्या दुसऱ्या डिस्कवर पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत घ्या. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागांवर नंतर परत येतं, आणि किती वाचून झालं याची नोंद ठेवणारी मॅपफाइल दिली असेल तर मध्ये वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू होतं. मग टेस्टडिस्क, फोटोरेक असे फायली परत मिळवणारे प्रोग्राम काय चालवायचे ते त्या इमेजवर. फोटोरेक शेवटी, कारण त्यात फायलींची मूळ नावं आणि फोल्डर जातात आणि हजारो फोटो हाताने लावत बसावं लागतं.

सगळं निघालं की नव्या जागेवरून काही फोटो आणि हिशेबाच्या फायली उघडून बघा. नुसता फोल्डरचा आकार जुळला म्हणजे फायली शाबूत आहेत असं होत नाही.