एका मेसेजमधली दोन वाक्यं

"ग्रुपवर खरं लिहिलं तर जेल होते का?" गावातल्या तरुणांकडून हा प्रश्न मला वारंवार येतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचा मुलगा तो घेऊन आला, तेव्हा तीन रात्री झोपला नव्हता. (त्याला विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

सोबत आई होती. वकिलाची नोटीस घडी घालून घालून मऊ झाली होती: पाच लाखांची भरपाई, नाहीतर फौजदारी. आई सारखी म्हणत होती, सरपंचाच्या दारात जाऊ, पाया पडू, मिटवून टाकू.

"ताई, म्या खरं लेहलं. मंग मले जेल काहून?"

त्यानं ग्रुपवर टाकलेला मेसेज मी वाचला. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून १२० मीटर नालीचं बिल निघालं होतं, यानं टेप लावून मोजली तर ७० भरली. त्याच्याखाली आणखी एक ओळ: सरपंचबाई कोणाच्या गाडीत फिरतात ते गावाला ठाऊक आहे.

दोन्ही वाक्यं मी त्याला वेगवेगळ्या कागदांवर लिहायला लावली. पहिल्याला पुरावा काय? त्यानं माहिती अधिकारात मिळालेली मोजमाप पुस्तिकेची प्रत पुढे ठेवली. दुसऱ्याला? बराच वेळ तो नखानं टेबल खरवडत बसला.

"ते रागात लेहल्या गेलं."

आधी भीती उतरवणं गरजेचं होतं. नोटीस म्हणजे अटक नव्हे. बदनामीचं कलम, भारतीय न्याय संहितेतलं ३५६, अदखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत) आणि जामीनपात्र आहे. ज्याची बदनामी झाली त्याला दंडाधिकाऱ्याकडे जावं लागतं, आणि आता तुमची बाजू ऐकल्याशिवाय दंडाधिकारी दखल घेऊ शकत नाही. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य आणि सार्वजनिक कामावरचं प्रामाणिक मत यांना त्याच कलमात अपवाद आहेत. १९९४ च्या राजगोपाल निकालात सर्वोच्च न्यायालयानं तर म्हटलं आहे की स्थानिक संस्थेला, म्हणजे ग्रामपंचायतीलाही, बदनामीची भरपाई मागता येत नाही. नालीचं वाक्य त्यानं का पुसावं?

मात्र २०१६ मध्ये याच न्यायालयानं फौजदारी बदनामीचं कलम कायम ठेवलं, कारण प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचा, संविधानाच्या कलम २१ चा भाग आहे. भारत १९७९ पासून नागरी आणि राजकीय हक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्याचं कलम १९ बोलण्याचा हक्क देतं आणि तिथेच इतरांच्या प्रतिष्ठेचीही मर्यादा घालतं. त्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीनं २०११ मध्ये सांगितलं की बदनामीसाठी तुरुंग ही योग्य शिक्षा कधीच नव्हे. मलाही तेच पटतं. म्हणून दुसरं वाक्य चालतं असं मात्र नाही.

उलट खरा धोका त्याच वाक्यात होता. बाईच्या शीलाचा अपमान म्हटला तर न्याय संहितेचं कलम ७९ लागू शकतं, ते दखलपात्र आहे. आणि कायदा राहू द्या. आपल्याकडे 'अब्रू' म्हणतात ती बाईची एका ओळीत जाते आणि वर्षानुवर्षं परत येत नाही. तो मेसेज आल्यापासून सरपंचबाई पंचायतीच्या ऑफिसात आल्या नव्हत्या. हे त्यानंच सांगितलं, मान खाली घालून.

वकिलासाठी त्याला तालुका विधी सेवा समितीकडे पाठवलं. माफीचा मजकूर वकिलाला दाखवून त्यानं त्याच ग्रुपवर टाकला. मी एकच आग्रह धरला होता: "कोणाचं मन दुखावलं असल्यास" असं लिहायचं नाही. त्यानं लिहिलं, 'ती ओळ खोटी होती, मी काढून टाकतो, सरपंचबाईंची माफी मागतो. नालीचा प्रश्न कायम आहे.'

१ मेच्या ग्रामसभेत त्यानं नालीचा अर्ज मोजमापाच्या प्रतीसह दिला. सरपंचबाई आल्या होत्या. त्याच्याशी बोलल्या नाहीत, पण अर्ज हातात घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि ग्रामसेवकाला पोच द्यायला सांगितली. नोटीस अजून मागे घेतलेली नाही.