आधी गल्ली पाठ कर

चि. पोरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अग्निशमन दलाबरोबर स्वयंसेवक म्हणून काम करायचंय, पण अंगात ताकद बेताची, पाइप कधी हातात धरला नाही, मग माझा उपयोग काय, असं तू विचारलंयस. तू सांगलीची आहेस आणि नदीकाठच्या वस्तीत लहानाची मोठी झालीस, म्हणून उत्तर पुरापासूनच सुरू करतो.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोक्याची 45. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. दलाची माणसं होती, एनडीआरएफ आलं, लष्कर आलं. बोटी अपुऱ्या होत्याच, पण आलेली बोट कुठल्या दाराशी न्यायची हे सांगणारं माणूस बोटीत नसलं की तासन्‌तास वाया जायचे. बाहेरगावच्या जवानाला दत्तनगरातला कुठला बोळ पुढे बंद होतो, हे कसं कळावं? पाण्याखाली गेलेल्या कंपाउंडच्या भिंतीवर टोकदार गज आहेत, हे त्याला कोण सांगणार? रबरी बोट फाटायला तसला एक गज पुरतो. हे तुला ठाऊक आहे, आणि ते आमच्या कुठल्याही प्रशिक्षणात शिकवता येत नाही.

म्हणून पहिलं काम हे. एक वही घे आणि आपली गल्ली घरोघर लिहून काढ. कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाचं डायलिसिस चालू आहे, कुठल्या सुनेचे दिवस भरत आलेत, कोणाला ऐकू कमी येतं. गच्चीला कुलूप असतं का, किल्ली कोणाकडे, जिना आतून की मागून. गोठ्यात जनावरं किती. ही माहिती लोकांनी विश्वासाने दिलेली असते, ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरता कामा नये. एक प्रत तुझ्याकडे आणि एक दलाच्या अधिकाऱ्याकडे, बस्स.

माणसं वेळेवर घर का सोडत नाहीत, याचा मी फार विचार केलाय. 2019 ला जो तो म्हणत होता, "2005 ला पाणी या पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्या वर यायचं नाही." जुन्या पुराची खूण लोकांना शेवटची हद्द वाटते. मग पाणी पायरी ओलांडतं, तोवर रात्र झालेली असते आणि वीज तोडलेली असते. गणवेशातला माणूस भोंग्यावरून ओरडला तर म्हातारी दार लावून घेते. तू दारात जाऊन "आज्जी, चला, मी आलेय न्यायला" म्हणालीस तर ती निदान ऐकून घेईल. पाणी 40 फुटांकडे सरकायला लागलं की दिवसाउजेडी फिर. आणि गाय-म्हैस आधी हलव. दावणीला जनावर असेपर्यंत त्या घरातलं थोरलं माणूस उंबरा ओलांडत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

बोटीपाशी तुझं काम काठावरचं. लाइफ जॅकेट नुसतं गळ्यात अडकवून चालत नाही. पदर आणि शाल आधी आवरून घे, पुढचे पट्टे ओढून बसव, आणि पायांतून घ्यायचा पट्टा असेल तर तोही लाव. नऊवारीत तो नेसणीवरून सहज बसतो. बायका लाजतात, घाईत तो पट्टा सुटतो, आणि माणूस पाण्यात पडलं की जॅकेट वर सरकून डोक्यातून निघून जातं. इथे बाईमाणसाचा हात लागतो. मुलगी म्हणून अडचण येईल का, हा तुझा दुसरा प्रश्न होता. तुझ्यावाचून आमचीच अडचण होते, असं समज. देशातली पहिली महिला अग्निशामक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हर्षिनी कान्हेकर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातून बाहेर पडल्या त्याला आता बरीच वर्षं झाली.

बोटीत माणसं मोजून चढव. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि बायका-पोरं बुडाली. क्षमतेपेक्षा एकही जास्त नको, मग वर राहिलेला तुझा सख्खा काका का असेना. बसायचं खाली, मधोमध; कोणी उभं राहायचं नाही.

आगीचं थोडक्यात सांगतो. 101 ला फोन करताना पत्त्याबरोबर जवळची ठळक खूण सांग आणि एकाला चौकात गाडीला वाट दाखवायला उभं कर. बोळात लावलेल्या मोटारसायकली हलवून घे, कारण बंब बऱ्याचदा तिथेच अडतो. घरगुती गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही. पेटलेल्या तेलावर पाणी नको. एक लिटर पाण्याची सुमारे 1700 लिटर वाफ होते आणि ती जळतं तेल घरभर उडवते.

धुरात मात्र शिरायचं नाही. आत पोर रडत असलं तरी नाही. पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क असलेला माणूसच आत जाईल. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, दोन-चार श्वासांत पाय लुळे पडतात, मग आमच्या जवानाला एकाऐवजी दोघांना बाहेर काढावं लागतं. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाच्या स्फोटांत दलाचे 66 जण गेले. ती सगळी शिकलेली, कसलेली माणसं होती. दर 14 एप्रिलला आम्ही त्यांना मानवंदना देतो, आणि नव्या पोरांना त्याच दिवशी सांगतो की अधिकारी "मागे" म्हणाला की मागे. का, ते नंतर विचारायचं. हे पाळणं तुला सगळ्यात जड जाईल, कारण तू ज्यांच्यासाठी धावशील ती तुझ्या ओळखीची माणसं असतील.

आता नाव कुठे नोंदवायचं ते. कलेक्टर कचेरीत जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाचा कक्ष आहे, तिथे "आपदा मित्र" या स्वयंसेवक घडवणाऱ्या सरकारी योजनेची चौकशी कर. त्यात वय 18 ते 40 लागायचं, प्रशिक्षण 12 दिवसांचं असायचं; आता काय आहे, ते तिथेच विचार. विमा आहे का आणि किती दिवसांचा, हे सही करण्याआधी विचार. त्यात संकोच नको. तोवर पोहायला शीक, पण तलावात पोहता आलं म्हणून पुरात उडी मारायची नाही. दोर फेकायचा सराव कर: बुडणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे पडला पाहिजे, म्हणजे ओढून घेताना त्याच्या हाताला लागतो. बोलाइनची गाठ डोळे मिटून बांधता आली पाहिजे. ती ताणाने आवळत नाही, म्हणून माणसाच्या कमरेला चालते.

वही मे महिन्यात घेऊन ये. पावसाआधी बोटी आणि इंजिनं तपासायला काढतात, तेव्हा मी नदीवर असतो. तुझ्या गल्लीतले गजवाले कंपाउंड आपण नकाशावर तिथेच मांडू.

कळावे, लोभ असावा.