12 जीबी ई-मेलचा बॅकअप घेऊन सगळं नव्या खात्यात जसंच्या तसं कसं आणायचं? थंडरबर्डला आयमॅपने जोडलंय, तेवढं पुरेसं आहे ना?

नाही, पुरेसं नाही. खरं तर तुमच्या प्रश्नातलं ते शेवटचं ‘ना?’ वाचलं म्हणून लिहायला बसले. अगदी याच सुरात आमच्या दादाने मला एकदा निश्चिंत केलं होतं. तेव्हा आयमॅपच्या जागी पॉप होतं, एवढाच फरक. (थंडरबर्ड हा कॉम्प्युटरवर मेल वाचायचा प्रोग्रॅम. आयमॅप आणि पॉप या त्याला मेलच्या सर्व्हरशी जोडायच्या दोन पद्धती.)

मी अनुवादाची कामं करते. कामाची सगळी बोलणी मेलवर, आणि खातं एका लहानशा कंपनीकडे. दादा म्हणजे घरातला कॉम्प्युटरवाला. त्याने लॅपटॉपवर थंडरबर्ड टाकलं, पॉप लावलं, मेल सर्व्हरवरही राहू द्यायच्या पर्यायाला टिक केलं आणि म्हणाला, “झालं तुझं काम. उद्या त्यांचा सर्व्हर बुडाला तरी सगळं तुझ्याकडे आहे.” सहा वर्षं मी दर महिन्याला न चुकता थंडरबर्ड उघडायचे, मेल उतरवायचे आणि अख्खं प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्ड आपल्या मेल आणि सेटिंग्ज ज्यात ठेवतं ते) बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचे. मैत्रिणींना बॅकअपवर व्याख्यानं द्यायचे ती वेगळीच.

मग कंपनीने मेलसेवाच बंद केली. तीन महिने आधी नोटीस पाठवली होती म्हणे. ती मला दिसणार कशी? त्यांच्या जाहिरातींना कंटाळून मीच फिल्टर लावला होता, त्यांच्याकडून येईल ते परस्पर ‘सूचना’ नावाच्या फोल्डरात. आणि पॉप उतरवतं फक्त इनबॉक्स. बाकीच्या फोल्डरांकडे ते ढुंकूनही बघत नाही. ज्या दिवशी लॉगिन होईना त्या दिवशीही मी घाबरले नव्हते. उलट थोडी खूशच होते, सहा वर्षांच्या शिस्तीचं आता चीज होणार म्हणून.

डिस्क जोडली, प्रोफाइल उघडलं. इनबॉक्स तुडुंब. ‘पाठवलेले’ मध्ये जेमतेम चाळीस मेल. कारण उत्तरं मी फोनवरून नाहीतर ब्राउझरमधून द्यायचे आणि त्या प्रती राहायच्या सर्व्हरवर. सहा वर्षं लोक मला काय म्हणाले ते शब्दन् शब्द जपलेलं, मी काय म्हणाले त्याचा पत्ता नाही.

नेमकं तेव्हाच एका ग्राहकाशी वाजलं होतं. मजकूर ठरल्यापेक्षा बराच वाढला होता आणि वाढीव पानांचे पैसे वेगळे लागतील असं मी स्पष्ट लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं, “तुम्ही असं काही कळवलंच नव्हतं.” दादाला फोन केला तर तो म्हणतो, “अगं, तू फोनवरून उत्तरं देतेस हे मला कुठे माहीत होतं?” विचारलं होतंस का रे?

शेवटी मला वाचवलं ते ज्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली त्यांनी. दोन शब्दांच्या उत्तराखाली आधीच्या सगळ्या मेलची लांबलचक शेपटी तशीच ठेवणारे लोक. माझी गेलेली पत्रं त्या शेपट्यांमध्ये होती. तीन रात्री बसून वेचली. ‘वाढीव पानांचे पैसे’ हे माझं वाक्य त्याच ग्राहकाच्या ऑफिसातून आलेल्या ‘ठीक आहे’ खाली सापडलं. पैसे मिळाले. ज्या पत्रांना कुणी उत्तरच दिलं नव्हतं ती मात्र कायमची गेली.

आता तुमचं आयमॅप. ते सगळी फोल्डरं दाखवतं, त्या बाबतीत पॉपपेक्षा कितीतरी बरं. पण ते सर्व्हरचा आरसा आहे. सर्व्हरवर एखादं फोल्डर उडालं की पुढच्या वेळी जोडणी झाल्यावर लॅपटॉपवरूनही जातं. ‘फोनवर आहे, लॅपटॉपवर आहे, म्हणजे दोन प्रती झाल्या’ हे दादाचं सध्याचं तत्त्वज्ञान, म्हणून जरा जोरात सांगते. फेब्रुवारी 2011 मध्ये जीमेलच्या साधारण 0.02 टक्के लोकांची खाती एका सॉफ्टवेअर बगमुळे रिकामी दिसायला लागली. गूगलकडे त्या मेलच्या वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये प्रती होत्या, पण बगने त्याही गाठल्या. मेल परत आणल्या त्या टेपवरून, कारण टेप ऑफलाइन होत्या.

तर, थंडरबर्डमध्ये एकेका फोल्डरातल्या मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये, म्हणजे सर्व्हरशी न जोडलेल्या, फक्त लॅपटॉपवरच्या फोल्डरांत, कॉपी करा. मूव्ह नाही, कॉपी. जीमेल असेल तर लेबलं ही फोल्डर म्हणून दिसतात आणि तीच मेल ‘ऑल मेल’मध्येही असते, त्यामुळे सरसकट सगळं उचललंत तर दुप्पट-तिप्पट भरताड होईल. त्यापेक्षा गूगल टेकआउटने (आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय) एमबॉक्स फाइल घ्या, तिच्यात सगळ्या मेल एकत्र असतात. लेबलं तिच्यात प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या वरच्या तांत्रिक ओळींत, लिहिलेली असतात, पण थंडरबर्ड ती वाचत नाही, सगळा एकच ढीग दिसतो. डाउनलोडची लिंक आठवडाभरच चालते. आणि पेनड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसणारच नाही, मग कितीही जागा रिकामी दिसो. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. आउटलुक वापरणाऱ्यांनी पीएसटी, म्हणजे मेल साठवायची त्याची फाइल, काढावी. ओएसटी ही फक्त कॅश, म्हणजे सर्व्हरवरच्या मेलची तात्पुरती प्रत, असते, तिच्या भरवशावर राहू नका.

नव्या खात्यात आणायचं म्हणजे ते खातंही थंडरबर्डला आयमॅपने जोडायचं आणि लोकल फोल्डर्समधून तिकडे कॉपी करायचं. नवं खातं जीमेल असेल तर आयमॅपने चढवायची मर्यादा दिवसाला 500 एमबी आहे, म्हणजे तुमच्या 12 जीबीला चोवीस दिवस. एका रात्रीत उरकायला जाऊ नका, खातं काही काळ अडवलं जातं. फुकट जागा 15 जीबी असते आणि त्यात फोटो आणि ड्राइव्हही मोजतात, तेही आधी बघून घ्या. ‘जसंच्या तसं’ म्हणाल तर ते होत नाही. फिल्टर, संपर्क, कॅलेंडर यातलं काहीच मेलबरोबर येत नाही, प्रत्येक वेगळं काढावं लागतं.

आणि चढवण्याआधी एकदा नेट बंद करा आणि पाच वर्षांपूर्वी स्वतः पाठवलेली एखादी मेल अटॅचमेंटसकट उघडून बघा. दादालाही मी हेच करून दाखवायला सांगितलं होतं. त्याला अजून वेळ मिळालेला नाही.

दादावर जरा अन्याय होतोय हे कळतं मला. मी सगळी उत्तरं थंडरबर्डमधूनच दिली असती तर त्याची व्यवस्था चाललीही असती. पाठवलेल्या मेल तेव्हा लॅपटॉपवरच राहिल्या असत्या. शिवाय मेलबॉक्स चिमुकल्या असायच्या त्या काळात पॉपच सोयीचं पडायचं. पण हे त्याला सांगायची मला घाई नाही.

हो, आणि जुनं खातं लगेच बंद करू नका. किती ठिकाणचे पासवर्ड रीसेट त्याच पत्त्यावर येतात हे ते बंद झाल्यावरच कळतं. काही महिने मेल नव्या पत्त्यावर फॉरवर्ड होऊ द्या, आणि अधूनमधून लॉगिन करत राहा. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसूनही टाकू शकतं.