ऊती: केळीतली आणि कातडीतली

अर्धापूरहून एकांनी विचारलंय: केळीच्या रोपांच्या पावतीवर ‘ऊतीसंवर्धित’ असतं; आता वडिलांच्या तळपायावरचा काळा डाग कापून ‘ऊती तपासणी’ला पाठवलाय. ही ऊती तीच का? आणि ‘बायोप्सी निघाली’ म्हणजे कॅन्सरच ना?

आधी दुसरं. बायोप्सी निघत नसते, ती करतात! हे ‘निघाली’ ऐकून कान किटले. तुकडा काढून तपासणं म्हणजे बायोप्सी. कॅन्सर आहे की नाही, ते पुढे कळतं.

ऊती तीच: एकसारख्या पेशींचा समूह, झाडातला असो की शरीरातला. पण तिला दुधाच्या उताशी जोडू नका. ‘वाढते ती ऊती’ हे मी एका शेतकरी शिबिरात ऐकलं आणि तिथंच हटकलं. संस्कृतवाले वेदातली ‘ऊति’, म्हणजे रक्षण, पुढे करतात. तेही चूक. ती ‘अव्’ धातूची. रूप एक, घराणं वेगळं. आपली ऊती ‘वे’ची, विणण्याची. त्याच धातूचा ‘ओतप्रोत’: आ+उत, प्र+उत, उभं-आडवं विणलेलं. ओतण्याशी काडीचा संबंध नाही. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, मग पाणी कशात? बाई मागाची भाषा बोलतेय! फ्रेंच ‘तिस्यू’ म्हणजे विणलेलं कापड, ग्रीक ‘हिस्टॉस’ म्हणजे माग. बिशा या फ्रेंच वैद्यानं तर सूक्ष्मदर्शकाला हात न लावता शरीरातल्या २१ ऊती वेगळ्या काढल्या.

माझं ठाम मत, परिभाषा करणाऱ्यांनी सरळ ‘वीण’ म्हणायला हवं होतं. पैठणीची पारख पदर उलटून करतात, तशीच ही तपासणी. तुकडा मेणात बसवायचा, ३-४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे काप काढायचे, जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. साध्या तिळात रंगपेशींचे पुंजके दोन्ही अंगांना सारखे दिसतात आणि खोल जावं तशा पेशी लहान होत जातात. मेलॅनोमात, म्हणजे रंगपेशींच्या कॅन्सरात, त्या खालीही मोठ्याच राहतात, एकेकट्या वरच्या थरात चढतात. बुट्टीतला धागा काठात घुसावा, तसं.

तळपाय म्हणालात म्हणून सांगतो: आपल्याकडे मेलॅनोमा पुष्कळदा तिथंच सापडतो, तेव्हा डाग पाठवलात ते फार बरं केलंत. निदान तेच आलं, तर अहवालात मिलिमीटरचा आकडा शोधा. कॅन्सर किती खोल गेलाय, ते त्यातच असतं.