ब्रेनचिपचं नंतर बघू, आधी विम्याचं बघा

प्रश्न: मेलबर्नला टार्नीटमध्ये राहतो, वय ४२, आयटीत नोकरी. पत्नी सध्या घरी असते, मुलं ९ आणि ४ वर्षांची. २०२२ मध्ये या घरात आलो, कर्ज ५ लाख ८० हजार डॉलर बाकी आहे. २०२१ च्या डिसेंबरात मोठ्या इंडस्ट्री फंडातली सुपर, म्हणजे निवृत्तीची पुंजी, काढून आम्ही स्वतःचा एसएमएसएफ, म्हणजे स्वतः चालवायचा सुपर फंड, सुरू केला. त्यात ब्रेनचिप या एआय चिपच्या कंपनीचे २ लाख शेअर आहेत, सरासरी साडेअडुसष्ट सेंटला पडलेत, आज भाव २० सेंट आहे. फंडात ५० हजारांचा एक ईटीएफ आणि ३० हजार रोख आहे. ती रोख घालून ॲव्हरेज ४८ सेंटवर आणू, की ब्रेनचिप सोडून तिच्या एखाद्या प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ? आमच्या मित्रमंडळींत यावरून दोन तट पडलेत. बाकी सगळं व्यवस्थित आहे. इन्शुरन्स सुपरमधून आहेच, त्यासाठीच जुन्या फंडात ८ हजार मुद्दाम ठेवलेत. भारतातही १० लाखांची एक मनीबॅक पॉलिसी आहे. शुगर बॉर्डरलाइनला आहे, गोळी नाही. पत्नी सहट्रस्टी आहे, पण तिला यातलं कळत नाही, ती सह्या करते.

उत्तर: ‘इन्शुरन्स सुपरमधून आहेच’ असं तुम्ही लिहिलंय. तो नाहीये. २०२३ पासून नाहीये.

तुम्ही जोडलेली दोन वार्षिक पत्रकं शेजारी-शेजारी ठेवा. जून २०२१ च्या पत्रकात दुसऱ्या पानावर मृत्यूविमा ३ लाख ६० हजार आणि कायमच्या अपंगत्वाचा, म्हणजे टीपीडीचा, २ लाख १० हजार आहे. त्यासाठी आठवड्याला साधारण ९ डॉलर कापले जात होते. आता जून २०२४ चं पत्रक बघा. फी आहे, परतावा आहे, कर आहे, पण विम्याची ओळच नाही. हप्ता कापला जात नाही म्हणजे विमा फुकट मिळत नसतो.

झालं काय, तर १ जुलै २०१९ पासून इथे नियम आहे: सुपरच्या खात्यात सलग १६ महिने काहीच जमा झालं नाही, तर फंडाने विमा बंद करायचा. सभासदाने ‘चालू ठेवा’ असं लेखी कळवलं असेल तरच तो राहतो. हेतू चांगला होता, लोकांची विसरलेली खाती हप्त्यांनी पोखरली जात होती. तुमच्या कंपनीचा भरणा डिसेंबर २०२१ पासून एसएमएसएफमध्ये जातोय. सोळा महिने मोजा, एप्रिल २०२३ येतो. ८ हजार ठेवणं पुरेसं नव्हतं, एक फॉर्म भरायचा राहिला. बंद करण्याआधी फंडाला पत्रं पाठवावी लागतात, ती जुन्या भाड्याच्या घरी जाऊन पडली असणार.

(भारतातल्या वाचकांसाठी: सुपर म्हणजे इथला पीएफ. पगाराच्या १२ टक्के कंपनी भरते, साठीपर्यंत हात लावता येत नाही. एसएमएसएफ म्हणजे तो पीएफ मोठ्या फंडाकडून काढून स्वतःच ट्रस्टी होऊन चालवायचा.)

म्हणजे आज रात्री तुम्हाला काही झालं, तर घरात कमावतं कोणी नाही, बँकेचं ५ लाख ८० हजारांचं कर्ज आहे, आणि विम्यातून हातात येणार भारतातली १० लाख रुपयांची पॉलिसी. ते सतरा-अठरा हजार डॉलर झाले. तुमच्या घराचे पाच हप्ते! त्या मनीबॅकसाठी तुम्ही वर्षाला ५४ हजार रुपये भरताय. ज्याने ती गळ्यात मारली त्याचं कमिशन सुटलं, तुमच्या मुलांचं काही सुटलं नाही. तुम्हाला साधारण १२ लाख डॉलरचं संरक्षण हवं: कर्ज फेडायला सहा, आणि दहा वर्षं घर चालवायला वर्षाला ६० हजारांप्रमाणे सहा.

आता शुगर. फंडातला जुना विमा वैद्यकीय तपासणीशिवाय, गट म्हणून मिळाला होता. नवा घ्यायला जाल तेव्हा विमा कंपनी प्रश्न विचारेल, रिपोर्ट मागेल, कदाचित हप्ता वाढवेल. ३८ व्या वर्षी आपोआप मिळालेली गोष्ट ४२ व्या वर्षी अर्ज करून, तपासून घेऊन मिळवायची आहे. ब्रेनचिपमध्ये गेलेले ९७ हजार मी यानंतर मोजतो.

हे सगळं एसएमएसएफ काढून देणाऱ्याने तुम्हाला सांगायला हवं होतं. कायद्याने अशा फंडाच्या गुंतवणूक धोरणात सभासदांच्या विम्याचा विचार करावा लागतो. तुम्ही पाठवलेल्या धोरणात तो केलाय, एका ओळीत: ‘सभासदांकडे इतरत्र विमा आहे.’ ही अकाउंटंटच्या छापील नमुन्यातली ओळ आहे, कोणी तपासलेली नाही. ‘९९९ डॉलरमध्ये सेटअप, सूत्रं तुमच्या हाती’ अशी जाहिरात करणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आलाय. ९९९ एकदाच जातात. नंतर हिशेब, सक्तीचं ऑडिट आणि एटीओची, म्हणजे इथल्या कर खात्याची, २५९ डॉलरची वार्षिक फी धरून तुमचे वर्षाला २,८०० जातात. आज फंड १ लाख २० हजारांचा आहे, म्हणजे सव्वादोन टक्क्यांहून जास्त नुसता चालवण्याचा खर्च. १० लाखांच्या फंडाला तेवढा खर्च परवडतो.

ढोबळ हिशेब सांगतो. तुम्ही काढलेले १ लाख ८५ हजार जुन्याच फंडात राहिले असते, वर्षाला सहा टक्के धरले आणि कंपनीचा भरणा चालूच राहिला असता, तर आज पावणेतीन लाखांच्या वर असते. आहेत सव्वा लाखाच्या आत. दीड लाखाहून जास्त खड्डा, आणि विमा गेला तो वेगळा.

आता तुमचा प्रश्न.

ब्रेनचिपची अकिडा चिप ही थाप नाही. मेंदूतल्या पेशींसारखं, समोर काही बदललं तरच काम करायचं आणि एरवी वीज खायची नाही, ही कल्पना खरी आहे. रेनेसास आणि मेगाचिप्स या जपानी चिप कंपन्यांनी २०२० आणि २०२१ मध्ये तिचा आराखडा वापरायचे परवाने घेतले. जानेवारी २०२२ मध्ये मर्सिडीजने व्हिजन ईक्यूएक्सएक्स गाडी दाखवली. ‘हे मर्सिडीज’ ही हाक ओळखायला अकिडा वापरली आहे, नेहमीच्या पद्धतीपेक्षा ती पाच ते दहा पट काटकसरी आहे, असं सांगितलं. शेअर २ डॉलर ३० सेंटच्या वर गेला. तुमची पहिली खरेदी त्याच महिन्यातली, १.७५ ला ४० हजार शेअर. पण ती संकल्पना-गाडी होती, शोरूममधली नव्हे.

त्यानंतर विक्रीचं काय झालं? २०२२ मध्ये सुमारे ५१ लाख अमेरिकी डॉलर, त्यातला मोठा भाग परवान्यांचा. २०२३ मध्ये अडीच लाखांच्याही खाली. २०२४ मध्ये चार लाखांच्या आसपास. या तिन्ही वर्षांत तोटा दरवर्षी दोन कोटींच्या वर. २० सेंटला, सुमारे दोन अब्ज शेअर धरून, कंपनीची किंमत ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर होते. म्हणजे २०२४ च्या विक्रीच्या सहाशे पटींच्या पुढे. तुमचे मित्र म्हणतात, ‘भाव खूप पडलाय, आता स्वस्त आहे.’ भाव पडलाय, कबूल. स्वस्त कुठे आहे?

तोटा भरून निघतो तो नवे शेअर काढून. एलडीए कॅपिटल या संस्थेशी कंपनीने २०२० मध्ये करार केला: कंपनीने शेअर द्यायचे, त्यांनी पैसे द्यायचे. म्हणून तुमचा जुना २.३४ चा उच्चांक डोक्यातून काढा. आजच्या शेअरसंख्येला तो भाव म्हणजे पावणेपाच अब्जांची कंपनी, २०२२ च्या शिखराहूनही मोठी.

आणि ॲव्हरेज करणं. ३० हजारांचे दीड लाख शेअर येतील, एकूण साडेतीन लाख, सरासरी ४८ सेंट. तुमच्या वहीतला आकडा खाली येईल, कंपनीची विक्री एका चिपनेही वाढणार नाही. नुसते पैसे परत मिळायला भाव अडीच पट व्हावा लागेल. हा उपाय तुम्ही आधी ७० सेंटला केलात, मग २५ सेंटला केलात. दोन्ही वेळा कारण काय होतं? खरेदी आधी झाली होती, एवढंच.

दर तिमाहीला कंपनी एएसएक्सकडे, म्हणजे इथल्या शेअर बाजाराकडे, ‘फोर-सी’ नावाचा रोखीचा तक्ता भरते. पहिलीच ओळ ग्राहकांकडून आलेले पैसे, आणि आठव्या भागात, आहे ती रोख किती तिमाह्या पुरेल त्याचा अंदाज. तुमच्या दोन्ही तटांचा वाद पेटंट, भागीदारीच्या घोषणा आणि कोणी कोणाच्या पोस्टला लाइक केलं यावर चाललाय. त्या पहिल्या ओळीबद्दल तुमच्या लांबलचक पत्रात एक शब्द नाही.

प्रतिस्पर्ध्यांत जाण्याचं काही खरं नाही. इंटेलची लोइही ही संशोधनाची चिप आहे. २०२४ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेला हाला पॉइंट हे एक अब्ज १५ कोटी कृत्रिम पेशींचं यंत्र दिलं, पण इंटेलचा शेअर त्यावर हलत नाही. आयबीएमची ट्रूनॉर्थ २०१४ ची, दहा लाख पेशी आणि ७० मिलिवॅट वीज. तेव्हाही सगळे म्हणाले होते, आता आलंच. इनाटेरा आणि सिनसेन्स या कंपन्यांचे शेअर तुम्हाला बाजारात मिळणारच नाहीत. शिवाय अकिडाची खरी गाठ यांच्याशी नाहीच. आर्म कंपनीच्या इथॉससारखी साधी, बऱ्यापैकी काटकसरी एआय यंत्रणा स्वस्त चिपमध्ये आधीच बसवलेली मिळते. गाडीच्या किंवा श्रवणयंत्राच्या इंजिनिअरला विचारा, चालणारी आणि ओळखीची गोष्ट सोडून नवीन कंपनीचा परवाना तो केव्हा घेईल? फरक डोळ्यात भरण्याएवढा असेल तेव्हाच. तो दिवस येईलही. त्यासाठी तुमची निवृत्तीची पुंजी पणाला लागायचं कारण नाही.

म्हणून ३० हजार ब्रेनचिपमध्ये घालायचे नाहीत, आणि फंड बंद करायचा. बंद करताना सगळे शेअर विकावे लागतील. तुमचे अकाउंटंट सांगतील की ९७ हजारांचा भांडवली तोटा फंडाबरोबर बुडतो, पुढच्या फंडात नेता येत नाही. बरोबर आहे. पण तो तोटा याच फंडातल्या नफ्यासमोर वापरता येतो, आणि सुपरमध्ये वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या शेअरवर कर दहा टक्के. सगळाच्या सगळा वापरला गेला तरी दहा हजारांच्या आत. त्यासाठी वर्षाला २,८०० भरत फंड जिवंत ठेवायचा? तेवढा नफा यायला किती वर्षं लागतील ते बघा. ब्रेनचिपवर विश्वास उरला असेल तर पगारातले दोन-तीन हजार घाला, सुपरच्या बाहेर. बुडाले तर दिवाळीची भारतवारी एक वर्ष पुढे जाईल, एवढीच रक्कम.

वहिनींबद्दल. ‘ती सह्या करते’ हे तुम्ही सहज लिहून गेलात. ट्रस्टी म्हणून त्या तुमच्याइतक्याच जबाबदार आहेत. चूक निघाली तर एटीओ ‘मला कळत नव्हतं’ हे ऐकून घेत नाही. आणि तुम्ही गेलात तर हा फंड, हे दोन लाख शेअर, ऑडिटरची पत्रं सगळं निस्तरायला त्या एकट्याच. हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

क्रम असा ठेवा. उद्या सकाळी जुन्या फंडाला फोन: विमा नक्की कोणत्या तारखेला बंद झाला, पुन्हा सुरू होतो का. मुदत उलटून गेली असण्याचीच शक्यता जास्त, तरी उत्तर लेखी मागा. याच आठवड्यात ऑफिसच्या पेरोलला फॉर्म देऊन भरणा पुन्हा इंडस्ट्री फंडाकडे वळवा. त्याच वेळी १२ लाखांच्या मृत्यूविम्याचा, टीपीडीचा आणि आजारपणात पगार चालू ठेवणाऱ्या इन्कम प्रोटेक्शनचा अर्ज करा. एसएमएसएफ बंद करण्याची घाई त्याआधी नको. भारतातली मनीबॅकसुद्धा, कितीही टाकाऊ असली तरी, नवा विमा हातात पडेपर्यंत मोडू नका. फॅमिली डॉक्टरकडून शुगरचा (एचबीए१सी) ताजा रिपोर्ट घ्या आणि अर्जात शुगर जशी आहे तशी लिहा. लपवलीत तर विमा कंपनी जुने रिपोर्ट काढेल ते क्लेमच्या वेळी, आणि तेव्हा खुलासा करायला तुम्ही नसाल.